अक्काच्या चटणीची लिंक

आम्ही तीन भावंडं. सगळ्यात मोठी अक्का, ती कुणाचं ऐकत नाही. मधला अण्णा सगळ्यांचं ऐकतो, आणि ऐकलेलं तसंच्या तसं करतो, त्यामुळे तो जास्त धोकादायक. धाकटी मी. माझं घरात कुणी ऐकत नाही, म्हणून मी लिहिते.

घरात आम्ही तेलुगू बोलतो. सोलापूरच्या पूर्व भागात विणकरांच्या घरांत ती रीतच आहे. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की मराठी, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. इथं मी सगळं मराठीतच लिहिते आहे. अक्काचे काही खास शब्द गाळावे लागलेत, ते छापण्याजोगे नाहीत.

भावजी गेल्यापासून अक्का एकटी राहते, माझ्या घराच्या मागच्या बोळात. माझं परसदार आणि तिचं अंगण यांच्यामध्ये खांद्याइतकी भिंत आहे. त्या भिंतीवरून वाट्या जातात, बातम्या येतात आणि टोमणे दोन्ही बाजूंनी चालतात. अक्काच्या शेंगाचटणीचं आमच्या भागात नाव आहे. मिक्सरला ती हात लावत नाही. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं आणि मीठ उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटत बसते. जोडीला ज्वारीच्या कडक भाकरी, पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. कुणाची मुलगी पुण्या-मुंबईला निघाली की तिची आई सकाळी सकाळी डबा घेऊन अक्काच्या दारात उभी असते.

अक्काचा मुलगा आणि सून पुण्यात असतात. मुलगा तिला दोन वर्षं 'आई, इकडे ये' म्हणत होता आणि ती विषय बदलत होती. गेल्या पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली. हात सुजला तरी तिनं कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. भिंतीपलीकडून कुटण्याचा आवाज आला नाही म्हणून मी डोकावले, तेव्हा कळलं. मग मुलाला कळलं. गणपतीत तो आला तो ठरवूनच.

"आई, तू इथं एकटी कशासाठी राहतेस, ते एकदा सांग," तो म्हणाला.

"माझा धंदा हाय की हितं."

"चार डबे भरून देणं म्हणजे धंदा नव्हे."

"मग धंदा कशाला म्हन्त्यात?"

"बाहेरगावच्या, अनोळखी माणसांच्या ऑर्डरी येतात त्याला." मग त्यानं पैजच लावली, "दिवाळीपर्यंत तशा ऑर्डरी आल्या तर मी परत विषय काढणार नाही. नाही आल्या तर तू पुण्याला यायचं."

"चालतंय," अक्का म्हणाली. ती असं पटकन काही कबूल करत नाही, पण तिला त्या वेळी राग आला होता.

माझं काय म्हणणं होतं ते आत्ताच सांगून टाकते: अक्कानं जाऊ नये. यात परोपकार काही नाही. मला भांडायला दुसरं कुणी नाही. माझे यजमान फार सज्जन आहेत, त्यांच्याशी भांडणं म्हणजे उशीशी भांडणं. सकाळी उठून भिंतीपाशी जावं आणि पलीकडे कुणी नसावं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

म्हणून मी पदर खोचला. माझी सगळी नोकरी एका शाळेच्या ऑफिसात टायपिंग करण्यात गेली आहे. त्यामुळे कीबोर्ड असलेली कुठलीही वस्तू आपल्याला येते, अशी माझी समजूत आहे. फुकटात वेबसाइट करून देणारी एक जागा मी शोधून काढली. चटणीचे फोटो काढले, भाकरीचे काढले, अक्काचा एक काढला, त्यात ती माझ्यावर ओरडते आहे. वर मोठ्या अक्षरांत नाव दिलं, 'अक्काची सोलापुरी शेंगाचटणी'. आणि गंमत म्हणजे त्या वेबसाइटनं तेच नाव उचलून पानाच्या लिंकमध्येही घातलं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत स्वच्छ मराठीत अक्काची चटणी! अक्काला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं चष्मा लावला आणि त्या पट्टीवरून बोट फिरवत सगळं वाचलं.

"माझं नाव हितं बी आलंय," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं मला एकही टोमणा मारला नाही.

आता ही लिंक सगळ्यांना पाठवायची. मी अक्काच्याच फोनवर पट्टीतून कॉपी केली, भावकीच्या ग्रुपवर चिकटवली आणि बघते तर काय, मराठीचा पत्ताच नाही. टक्क्याचं चिन्ह, इ, शून्य, टक्का, ए, चार, टक्का... आठ-दहा ओळी भरून नुसती टक्केवारी. मला वाटलं माझा हात कुठंतरी चुकला. पुसलं, परत कॉपी केली, परत तेच. पट्टीत बघावं तर मराठी, चिकटवावं तर टक्के. चटणीचं पान एवढंसं आणि लिंक हातभर, नाकापेक्षा मोती जड.

तरी मी ती पाठवली. उघडली तर उघडेल, दिसण्याशी कुणाला काय करायचंय, असा माझा विचार. पण आमच्या भावकीला गेली दोन-तीन वर्षं बँका, पोलीस आणि स्वतःची मुलं एकच गोष्ट सांगत आली आहेत: अनोळखी लिंक उघडू नका. इतकी वर्षं कुणी ऐकलं नव्हतं. सगळे ऐकायला लागले ते नेमके अक्काच्या लिंकपासून.

पहिला फोन हैदराबादच्या मावशीचा. "अक्काचा फोन चोरीला गेला का गं?" त्यानंतर एका चुलतभावानं ग्रुपवर लिहिलं, 'कुणीही वरची लिंक दाबू नये, अक्काचा नंबर हॅक झाला आहे.' त्याखाली बारा जणांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. संध्याकाळी दोघीजणी अक्काला प्रत्यक्ष भेटायला आल्या आणि आजारी माणसाजवळ बसावं तसं तिच्याजवळ बसून गेल्या. अक्कानं त्यांना चटणी-भाकरी खायला घातली. त्या गेल्यावर मला भिंतीवरून जे काही ऐकवलं, ते गाळलेल्यात आहे.

मग मी दुसरी युक्ती केली. कॉपी न करता लिंक स्वतः टाइप केली, अस्सल मराठीत. मेसेजमध्ये तिचा पुढचा इंग्रजी तुकडा तेवढा निळा झाला, मागचं मराठी काळंच राहिलं. निळ्यावर बोट ठेवलं की वेबसाइट करून देणाऱ्यांचंच पान उघडायचं आणि त्यावर एक हसरी गोरी बाई लॅपटॉप घेऊन बसलेली. एका काकूंनी ते बघून अक्काला विचारलं, "ही तुमची सून का?"

या सगळ्यात अण्णा मध्ये आला. तो शेंगा खाण्यापलीकडे चटणीच्या धंद्यात नव्हता, पण बहिणीला आपली काहीतरी मदत व्हावी असं त्याला मनापासून वाटत होतं.

अण्णाचे थोडे यंत्रमाग आहेत. टॉवेल आणि नॅपकिन. आमच्याकडे लग्नात, सत्कारात टॉवेल-टोपीचा आहेर करतात, आणि हौशी पार्टी असली तर टॉवेलच्या काठावर नाव विणून मागते. अण्णाचं ते खास काम. मराठी, कन्नड, उर्दू, इंग्रजी, कुठल्याही लिपीतलं नाव तो विणून देतो. त्याला त्यातल्या निम्म्या लिप्या वाचता येत नाहीत, पण त्याचा एक नियम आहे: पार्टीनं जे दिलं ते विणायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. हा नियम त्याला अनुभवातून आला. तरुणपणी एका पार्टीनं नॅपकिनवर नुसती दोन नावं दिली होती. अण्णानं आपल्या मनानं वर 'शुभविवाह' टाकलं. ती दोघं एकाच ऑफिसातून निवृत्त होत होती आणि त्यांतल्या एकाची बायको फार संशयी होती. तेव्हापासून अण्णाच्या शेडमध्ये डोकं चालवणं बंद आहे.

तर अण्णा म्हणाला, प्रत्येक पार्सलसोबत एक नॅपकिन देऊ, त्यावर लिंक विणतो, घरोघरी जाहिरात होईल. कल्पना मला आवडली. मी त्याला लिंक पाठवली. त्याचा फोन आला.

"अगं, हे सगळंच घ्यायचं का?"

"सगळं घे. एक अक्षर जरी सुटलं तरी लिंक उघडत नाही."

"सगळं?"

"अण्णा, किती वेळा सांगू?"

"बरं," तो म्हणाला.

मला वाटलं मी त्याला माझी टाइप केलेली मराठी लिंक पाठवली. पाठवली होती टक्क्यांची.

आठवड्यानं अण्णा स्वतः गठ्ठा घेऊन आला. पांढरे, मऊ, सुरेख नॅपकिन. आणि चारही काठांवरून, कोपऱ्यात वळण घेत, बारीक लाल अक्षरांत टक्का-इ-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-आठ-पाच. एका काठावर सुरू झालेली लिंक पूर्ण प्रदक्षिणा घालून पहिल्या अक्षरापाशी येऊन थांबत होती. लिंकची लांबी आणि नॅपकिनचा घेर यांचा मेळ बसवायला त्यानं दोन दिवस डिझाइनवर घालवले होते.

"इतकं बारीक काम मी आजवर केलं न्हवतं," अण्णा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी 'सुरेख' म्हणून टाकलं.

अक्कानं एक नॅपकिन उलगडला. चारही काठ सावकाश फिरवून बघितले.

"ही कुठली भाषा हाय?"

"तुझंच नाव हाय म्हणं," अण्णा म्हणाला.

अक्का माझ्याकडे वळली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, आणि हा तर सख्खा भाऊ, व्याह्याला दोष तरी देता आला असता. नॅपकिन टाकायचे कसे? अक्का त्यांत कडक भाकरी बांधायला लागली. भाकरी त्यात छान राहत होती, ते मात्र खरं.

आता मदत मागितल्याशिवाय इलाज नव्हता. वेबसाइटवाल्यांच्या पानावर खाली कोपऱ्यात एक खिडकी होती, 'आम्ही आपल्याला काय मदत करू?' मी सगळी हकीकत मराठीत लिहिली, नॅपकिनसकट. एका क्षणात उत्तर आलं, 'आपली अडचण आम्हाला समजली आहे.' मला इतकं बरं वाटलं! पुढे लिहिलं होतं, 'कृपया या लिंकवर जा.' आणि ती लिंक म्हणजे टक्का-इ-शून्य, टक्का-ए-चार. मी कॉम्प्युटर बंद केला आणि भांडी घासायला गेले.

दुसऱ्या दिवशी कन्ना चौकाजवळच्या नेटवाल्या चाचांकडे गेले. पूर्वी त्यांच्याकडे नेट वापरायला लोक रांग लावायचे, आता फॉर्म भरणं आणि झेरॉक्स चालतं. चाचांचा स्वभाव गोड. मला आपा म्हणतात.

"फिकर नक्को करो आपा, मैं देखतूं," ते म्हणाले. "पैले कॅशे साफ करते."

चाचांकडे ब्राउझरच्या प्रत्येक दुखण्यावर कॅशे, म्हणजे त्यात साठलेला जुना कचरा, साफ करणं हे एकच औषध होतं. पान उघडलं नाही, कॅशे साफ. हळू उघडलं, कॅशे साफ. छपाई वाकडी आली तरी त्यांचा हात आधी तिकडेच जायचा. त्यांनी एका ब्राउझरमधला कॅशे साफ केला, मग दुसऱ्यातला, मग माझ्या फोनमधला. त्यात माझ्या फोनवर आपोआप उघडणारी सगळी खाती बंद झाली, आणि त्यांचे पासवर्ड मला आजतागायत आठवलेले नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तर अक्काच्या नावाच्या जागी नुसते रिकामे चौकोन आले.

"आपा, लिंकची तब्येतच ठीक नाही," चाचा गंभीरपणे म्हणाले. मग त्यांना लांब लिंक छोटी करणारी एक साइट आठवली. तिथं त्यांनी आमची लिंक टाकली. त्या साइटनं ती छोटी केली खरी, पण ती छोटी दाबली की पोटातून जी मोठी निघायची तिच्यात प्रत्येक टक्क्याच्या मागे पंचवीसचा आकडा चिकटलेला. टक्क्यांचेही टक्के झाले होते. आणि पान? 'सापडत नाही.'

चाचांनी माझ्याकडून काही घेतलं नाही. मी चटणीची पुडी दिली. त्यांनी तिथंच उघडून चिमूटभर तोंडात टाकली आणि डोळे मिटून घेतले. "ये चीज लोगों तक नई पहुँचती, कितना जुलूम है," ते म्हणाले. माझंही अगदी तेच म्हणणं होतं.

दसरा होऊन गेला. बाहेरगावची एक ऑर्डर नाही. अक्का टोमणेही मारत नव्हती, ते मला जास्त जड जात होतं. एका सकाळी तिनं भिंतीवरून मोठी पितळी परात माझ्याकडे सरकवली.

"ठेव तुझ्याकडं. पुन्यात येवढी परात कुटं ठेवणार?"

"अजून दिवाळी यायची आहे," मी म्हटलं.

"दिवाळी येती. ऑर्डर येत न्हाई." असं म्हणून ती आत गेली.

ती परात मी पोटाशी धरून कितीतरी वेळ उभी होते. मला भयंकर राग आला. वेबसाइटचा, टक्क्यांचा, अण्णाचा, त्या हसऱ्या गोऱ्या बाईचा. आणि मग जे करायचं नाही असं अक्कानं मला बजावलं होतं, ते मी करायचं ठरवलं.

अक्काची सून कॉम्प्युटरचंच काम करते. मूळची अक्कलकोटची, घरात कन्नड बोलणारी. सासू तेलुगू, सून कन्नड, दोघींच्या मध्ये मराठी. सासूला ती आत्या म्हणते. बोलणं कमीच. अक्का फोन करायची तो मुलाला, सुनेला फक्त 'बरी हाय ना?' लिंक बिघडल्यापासून तिनं मला ताकीदच दिली होती, "पुन्याला कळता कामा न्हाई." ते रास्तच होतं. ज्यांच्याशी पैज लावली त्यांच्याकडेच मदत कशी मागायची? शिवाय मला स्वतःला सुनेचा संशय होता. सासू यायला हवी म्हणून ती मदत करणार नाही, किंवा सासू येऊ नये म्हणून फार उत्साहानं करेल. दोन्ही मला आवडलं नसतं. मला काहीतरी नावं ठेवायचीच होती, त्याला कोण काय करणार.

भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तर अख्खी अक्का आहे. म्हणून मी भाजी आणायला जाते असं सांगून निघाले आणि सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसून फोन लावला.

"अय्यो मावशी, शेवटी केलात फोन!" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ग्रुपवर मीपण आहे ना. लिंक बघितली तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"आत्यांनी विचारलं असतं तर बोलले असते. न विचारता हात लावला असता तर त्यांना कसं वाटलं असतं?"

तिनं मला पासवर्ड विचारला. वेबसाइटचा तेवढा पासवर्ड मला आठवत होता, कारण तो अक्काच्या एका तेलुगू शिवीवरून ठेवला होता. तो तिला सांगताना मला जरा लाज वाटली, पण कन्नड माणसाला कळणार नाही म्हणून सांगितला. तिला कळला. ती बराच वेळ हसत होती.

मग तिनं समजावलं. ब्राउझरच्या पट्टीत मराठी दिसतं ते आपल्याला वाचता यावं म्हणून. आतून लिंक चालते ती इंग्रजी अक्षरांवर, म्हणून मराठीचं प्रत्येक अक्षर टक्के-आकड्यांत बदलून जातं. यात कुणी हॅक करत नाही, काही बिघडलेलं नसतं, फक्त दिसायला भयंकर आणि मध्येच तुटायला सोपं. पानाचं नाव आणि पानाचा पत्ता वेगवेगळे ठेवता येतात. नाव मराठीतच राहू दे, पत्त्याचा शेवटचा तुकडा तेवढा छोटासा इंग्रजी करायचा.

"अक्काला ते आवडणार नाही," मी म्हटलं. "तिला तिथं तिचं नाव हवंय."

"त्यांना सांगा, पत्ता पोस्टमनसाठी असतो. दारावरची पाटी तुमचीच आहे."

तळ्याकाठी माझी अर्धी शेंगदाण्याची पुडी संपायच्या आत तिनं ते करून टाकलं. जुन्या टक्क्यांच्या लिंकवरून येणारा माणूसही नव्या पत्त्यावर पोचेल अशी सोय केली. "अण्णामामांच्या नॅपकिनसाठी," ती म्हणाली. नॅपकिनचंही तिला माहीत होतं. आमच्या घरात गुप्त असं काही राहत नाही, फक्त ते सगळ्यांना माहीत आहे हे मला माहीत नसतं.

फोन ठेवण्याआधी मी विचारलंच. "एक खरं सांग. अक्का तिकडे यायला हवी की नको तुला?"

"हव्यात की मावशी. खोली रंगवून ठेवलीय. त्यांचा मुलगा रोज विचारतो, आई आल्यावर हे कुठं ठेवायचं, ते कुठं ठेवायचं." ती म्हणाली, "पण हरून आलेल्या नकोत. हरून आल्या तर त्या आमच्याकडे राहतील, पण राहणार नाहीत. तुम्ही हे बोलू नका कुणाला. आणि लिंक मी दुरुस्त केली हेही नको."

मी कबूल केलं. घरी येताना भाजी आणायची विसरले.

"जमलं मला," मी भिंतीवरून जाहीर केलं.

अक्कानं माझ्याकडे नीट बघितलं. "मग इतकं दिवस का जमलं न्हाई?"

"शिकायला वेळ लागतो."

"आणि माझं नाव कुटं गेलं पट्टीतनं?"

मी पोस्टमन आणि पाटीचं सांगितलं. "हे तुला सुचलं?" असं तिनं विचारलं, आणि मी मान डोलावली. तिचा विश्वास बसला नाही, पण पटलं.

नवी लिंक छोटीशी, पूर्ण निळी, दाबली की थेट अक्का ओरडते आहे तो फोटो. भावकीनं धीर करून दाबली आणि पुढे पाठवली. आधी नाशिकहून ऑर्डर आली. मग लातूर, नागपूर, बेळगाव. दिवाळीच्या आधीचा आठवडा तर भिंतीपलीकडून सकाळपासून धप धप आवाज. परात मी तिला परत दिली, ती तिनं लगेच कामाला लावली. हैदराबादच्या एका ऑर्डरवाल्यानं तर लिहिलं की पाहुण्यांकडून आलेल्या नॅपकिनवरची सगळी अक्षरं आपण एका दुपारी बसून टाइप केली, काय निघतंय ते बघायला, आणि चटणी निघाली. तो मेसेज अण्णानं शेडमध्ये प्रत्येक कामगाराला वाचून दाखवला. आता तो चौकोनी ठिपक्यांचा कोडसुद्धा विणून देतो म्हणत होता. अक्कानं त्याला हात जोडले.

वसुबारसेला दुपारी मुलाचा फोन आला. मी अक्काच्या अंगणातच बसले होते. तिनं फोन स्पीकरवर ठेवला, मुद्दामच, मी ऐकावं म्हणून.

"आई, बघितल्या ऑर्डरी. भारी काम केलंस."

"मग?" अक्का म्हणाली. तिनं पदर सावरला, जणू तो समोर उभा आहे.

"मग काय, ठरल्याप्रमाणे. तू तिकडेच राहा. मी परत विषय काढणार नाही."

"बरं."

"बरं आई. पाडव्याला येतो आम्ही. ठेवू?"

फोन बंद झाला. मी आनंदानं उठून उभी राहिले. अक्का मात्र फोन हातात धरून बसून राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"अगं, जिंकलीस की तू!"

"किती पटकन म्हनला गं," ती म्हणाली. "येकदा तरी म्हनायचं, न्हाई आई, तू येच. दोन वर्सं म्हनत होता. आता सुटला."

"अक्का, तो दोन वर्षं ये म्हणाला तेव्हा तुला राग यायचा."

"यायचा की. राग येनं येगळं."

माझ्यापाशी एक वाक्य होतं, तळ्याकाठी ऐकलेलं, जे तिला सांगितलं तर तिचं रडणं थांबलं असतं. ते न सांगण्याचं मी कबूल केलं होतं. पण कबुलीसाठी मी गप्प होते असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी गप्प होते कारण ते ऐकून ती गेली तर? ज्यासाठी मी महिनाभर टक्के उपसले ते सगळं माझ्याच तोंडानं घालवायचं? रंगवलेली खोली तिला कळली नाही तर ती इथंच राहील, माझ्या भिंतीपलीकडे, रोज. थोडी रडेल. दोन दिवसांनी विसरेल.

ती विसरणारी नाही, हे मला माहीत होतं.

"खोली रंगवून ठेवलीय तुझ्यासाठी," मी म्हटलं. आणि मग सगळंच सांगितलं. लिंक कुणी दुरुस्त केली ते, तो रोज काय विचारतो ते, आणि हरून आलेल्या नकोत ते.

माझं बोलून झाल्यावर अक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि फोन लावला. मुलाला नाही, सुनेला.

"मी बोलतीय," ती म्हणाली. "चटणी तिकडं किती लागंल, मैत्रिणींना विचारून ठेव. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की येते. खोलीला कुठला रंग दिलास?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, आता स्पीकर बंद होता. अक्का ऐकत राहिली. मग हसली. मग "किती दिवस ते आल्यावर बघू," असं म्हणाली, आणि फोन ठेवून माझ्याकडे वळली.

"तू का रडतीस?"

"तिखट गेलं डोळ्यात," मी म्हटलं.

कुटणं तर सकाळीच उरकलं होतं. उखळ धुऊन उन्हात वाळत होतं. अक्कानं उखळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या शेजारी येऊन बसली.